दोन इंचाला एक सूत कमी : स्पेशल पिचच्या आट्यांविषयी थोडंसं

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी "एम२० चा कोर्स पिच किती?" असं विचारलं की "अडीच मिलिमीटर" हे उत्तर आपल्याला झोपेतही देता येतं. डिझाइन डेटा बुकात तक्ता आहे, तक्त्यात ओळ आहे, ओळीत आकडा आहे. पण त्याच सरांनी टेबलावर एक गंजलेला बोल्ट ठेवून "याचा पिच सांगा" म्हटलं, तर निम्मा वर्ग आधी बोल्टाच्या डोक्यावर काही लिहिलंय का ते बघेल. हा लेख तक्त्यात न सापडणाऱ्या आट्यांचा आहे. ड्रॉइंगवर त्याला ‘स्पेशल पिच’ म्हणतात, हार्डवेअरच्या दुकानात ‘असला नट येत नाही’ म्हणतात आणि वर्कशॉपात ‘बनवायला लागेल’ म्हणतात.

आधी शब्दांचं बघू. पुस्तकात थ्रेड, महाडच्या वर्कशॉपात चुडी, घरी आजीच्या बरणीच्या झाकणाला आटे. मी आटेच म्हणणार आहे. कुठलाही आटा पूर्ण सांगायचा तर बाहेरचा व्यास, पिच, आट्याचा कोन, दिशा म्हणजे उजवा की डावा, किती तोंडांचा, आणि बसणी किती सैल एवढं सगळं सांगावं लागतं. यातली एक गोष्ट जरी नेहमीच्या जोडीपेक्षा वेगळी असली तरी आटा स्पेशल झाला. शिवाय एक न दिसणारं माप असतं, इफेक्टिव्ह व्यास. आट्याची जाडी आणि खाचेची रुंदी जिथे सारखी भरते त्या काल्पनिक दंडगोलाचा हा व्यास. नट-बोल्ट एकमेकांना खरे धरतात ते इथे. व्हर्निअर मात्र बाहेरचा व्यास दाखवतो आणि आपण त्यावरच खूश होतो.

आता इतके प्रकार आले कुठून? १८४१ पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले होते. जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मापांची सरासरी काढली आणि ५५ अंशांच्या कोनाची पद्धत मांडली. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंश घेतले, कारण ६० अंशांचा कोन कारागिराला काढायला आणि तपासायला सोपा. अर्धा इंच बोल्टाला एकाचे इंचाला १२ आटे, दुसऱ्याचे १३. दुसऱ्या महायुद्धात हे फारच नडलं, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा युनिफाइड आटा ठरवला. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा १९५६ चा. त्याच्या आधी आलेली यंत्रं, आणि नंतरही त्यांच्या नकला करून बनलेली यंत्रं, इंचातच राहिली. आता आयएस ४२१८ प्रमाणे मेट्रिक आटे शिकलेले आपण त्या यंत्रांपुढे पान्हा घेऊन उभे राहतो.

तक्त्याबाहेरचा आटा फिरतच नसेल तर काही बिघडत नाही, माणूस दुसरा नट शोधतो. घात करतो तो फिरणारा चुकीचा आटा. एक जोडी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागातल्या कुठल्याही भंगाराच्या ढिगात ती सापडेल. सहा सुताचा, म्हणजे पाऊण इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट आणि एम२० चा नट. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, पण बाहेर पडलात की पहिल्या दिवशी लागतं.) बोल्टाचा व्यास १९.०५, इंचाला १० आटे, म्हणजे पिच २.५४. नटाचा पिच २.५. फरक ०.०४ मिलिमीटर, डोळ्याला दिसणं शक्य नाही.

नट हाताने अगदी गोड जातो, शेवटपर्यंत. का? बोल्टाचा इफेक्टिव्ह व्यास १७.४२ आणि नटाचा १८.३८, मध्ये जवळजवळ १ मिलिमीटर मोकळं. पिचमधला फरक सहा-साडेसहा आट्यांत साचून पाव मिलिमीटर होतो, तो त्या मोकळ्या जागेत जिरून जातो. आता पकड मोजा. एम२० च्या नटाचं आतलं भोक १७.२९. बरोबरच्या बोल्टाचा आटा नटात १.३५ मिलिमीटर शिरला असता, हा शिरतो ०.८८. शिवाय कोन ५५ विरुद्ध ६०, म्हणजे आट्याचं पूर्ण अंग टेकतच नाही, कडेवर भार येतो. अशा जोडीत बोल्ट तुटत नाही, नटातले आटे सोलून निघतात. बोल्ट तुटला तर आवाज होतो, तुकडा दिसतो. आटे सोलले जात असताना पान्ह्याला नुसतं ‘थोडं फिरतंय अजून’ असं वाटतं. उलट प्रकार, म्हणजे एम२० चा बोल्ट पाऊण इंची नटात, मुळात शिरतच नाही. त्यामुळे धोका एकाच बाजूने आहे, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

महाड एमआयडीसीत इनप्लांटला जाणाऱ्यांसाठी दुसरा प्रकार. बिरवाडी-नांगलवाडीकडच्या केमिकल प्लांटमध्ये अमेरिकन मापाचे फ्लँज भरपूर असतात. त्यांचे स्टड एक इंचापर्यंत युनिफाइड कोर्स. एक इंचाच्या वर गेलं की मात्र व्यास काहीही असो, इंचाला ८ आटे. सव्वा इंचाचा कोर्स बोल्ट इंचाला ७ आट्यांचा, फ्लँजचा स्टड ८ चा. पिच ३.६३ आणि ३.१७५. मोठ्या व्यासालाही पिच बारीक ठेवला की गास्केटवरचा दाब हळूहळू आणि सारखा चढवता येतो, आणि बोल्टाचा गाभाही जाड राहतो. ही मालिका मुळात जास्त दाबाच्या सांध्यांसाठीच निघाली. स्टोअरमधून ‘सव्वा इंची नट’ एवढंच लिहून मागवलं तर काय येईल ते स्टोअरकीपरच्या मूडवर आहे.

तिसरा प्रकार आमच्या पोलादपूरचा. एका अंगाला कशेडी घाट, दुसऱ्या अंगाला महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, त्यामुळे हायवेलगतच्या गॅरेजांना ट्रकच्या चाकांचं काम कायमचं. अनेक जड गाड्यांचे व्हील बोल्ट एम२२ चे असतात, पण पिच अडीचऐवजी दीडचा. २.५ पिचला आट्याचा चढ सव्वादोन अंशांच्या आसपास येतो, १.५ पिचला १.३ अंश. घाटाचा रस्ता जितक्या कमी चढाचा, तितकी गाडी आपोआप मागे घसरण्याची भीती कमी. नटाचंही तसंच. जुन्या काही ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे डावे असायचे. नवीन पोरगा पान्ह्यावर उभा राहून सोडवायला बघतो आणि नट अजून आवळत जातो, हे गॅरेजवाल्यांचं फुकटचं मनोरंजन.

हे झालं तयार मिळणाऱ्या वेगळ्या आट्यांचं. आता जो कुठेच मिळत नाही तो कसा मोजायचा आणि कापायचा, ते एका खऱ्या कामावरून सांगतो.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, हे इथे कुणाला सांगायला नको. तेव्हा मी डिप्लोमाला होतो, कॉलेज मोबाइलवर चाललं होतं आणि मी महाडला मामाच्या वर्कशॉपात होतो. शेडमध्ये चिखल, लेथच्या बेडवर चिखल, मोटर वाळवायला गेलेली. पहिले काही दिवस आम्ही फक्त रॉकेल आणि चिंध्या घेऊन घासत होतो. लेथ सुरू झाल्यावर पहिलं मोठं काम आलं ते पोलादपूरकडच्या तीन वाड्यांच्या पाणी योजनेचं. नदीकाठचा पंप बुडाला होता. मोटर रिवाइंडिंगला दिली होती. पंप उघडला तर शाफ्टवरच्या स्लीव्हचा एक नट गंजून इतका बसला होता की छिन्नीने फोडूनच काढावा लागला. पंप जुना, मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या भंगारातून आलेला. पाट्या पुसलेल्या, त्यामुळे सुटा भाग मागवायचा प्रश्नच नव्हता. वाड्यांवर पावसाळ्यात, भरल्या नदीच्या काठी, प्यायचं पाणी डोक्यावरून आणायची वेळ आलेली.

आमच्याकडे यायच्या आधी त्यांनी दुसरीकडून एक नट करून घेतला होता. शाफ्ट व्हर्निअरने साडेसत्तेचाळीस भरला, म्हणून त्या कारागिराने एम४८, पिच २, डावा असा नट कापला. अडीच-तीन आटे गेला आणि बसला. मग कुणीतरी पान्ह्याला पाइप लावला. नशीब, गनमेटलचा नट होता, नटच आधी खरवडला गेला, शाफ्टच्या पहिल्या आट्याची फक्त कड मुरडली. ती आम्ही तीनधारी कानसीने साफ केली.

अडीच-तीनच आटे का, याचं गणित करता येतं आणि ते करण्यासारखं आहे. नटाचा पिच २, शाफ्टचा निघाला २.११७, म्हणजे प्रत्येक आट्याला ०.११७ चा फरक. नटाचा इफेक्टिव्ह व्यास ४६.७०, झिजलेल्या शाफ्टचा ४६.१६. या ०.५४ च्या फरकातून लांबीच्या दिशेने साधारण ०.३१ मिलिमीटर सैलपणा मिळतो. ०.३१ भागिले ०.११७ केलं की पावणेतीनच्या जरा आत उत्तर येतं. म्हणजे नट किती आटे जाऊन अडकला हे विचारलं तरी पिच किती चुकलाय त्याचा अंदाज बांधता येतो. डॉक्टर नुसतं ‘ताप कधीपासून?’ विचारतो ना, तसं.

आता मापन. मामाकडचे मिस्त्री शाफ्ट बघायला स्वतः पंपघरात गेले, मी सोबत. शाफ्टचे आटे आधी वायर ब्रशने आणि रॉकेलने पूर्ण साफ केले. मग त्यांनी व्यास न मोजता पिच मोजला. आट्यांवर कार्बन पेपर आणि पांढरा कागद दाबून ठसा घेतला आणि दहा पिचचं अंतर मोजलं : २१.२ च्या आसपास. पिच २ असता तर बरोबर २० आलं असतं. एका आट्यावरून एवढा फरक कुणाला कळणार नाही, दहांवर कळतो. इंचाला १२ आटे म्हणजे पिच २५.४ भागिले १२, २.११६७. दहाचे २१.१७. जुळलं. मग पिच गेजची ५५ अंशांची बाराची पाती टेकवून मागे टॉर्च धरली. उजेड दिसला नाही. ६० अंशांची पाती टेकवल्यावर बारीक फट दिसत होती.

पिच कळल्यावर व्यासाचा अर्थ लागला. "दोन इंचाला एक सूत कमी," मिस्त्री म्हणाले. म्हणजे १ ७/८ इंच, ४७.६२५ मिलिमीटर, झिजून साडेसत्तेचाळीस. व्हिटवर्थच्या नेहमीच्या तक्त्यात या व्यासाला १२ आटे नाहीत. तेव्हाच्या पंप बनवणाऱ्याने मुद्दाम बारीक पिच घेतला, कारण स्लीव्हचा नट पातळ भिंतीचा असतो, खोल आटा परवडत नाही. थोडक्यात तेव्हाही हा स्पेशलच होता. इंग्रज ड्रॉइंगवर त्याला ‘व्हिट. एस.’ असं लिहीत, त्यातला एस स्पेशलचा.

व्हिटवर्थचं गणित सोपं आहे. आट्याची खोली पिच गुणिले ०.६४०३, इथे १.३५५. बाहेरच्या व्यासातून ती एकदा वजा केली की इफेक्टिव्ह व्यास ४६.२७, दोनदा वजा केली की तळाचा व्यास ४४.९१. तळाची गोलाई पिच गुणिले ०.१३७३, म्हणजे ०.२९. हे नवं, कोरं माप. झिजलेल्या शाफ्टचं काय? त्यासाठी तीन तारांची पद्धत, जी आपण मेट्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये सीनियरचं बघून लिहितो. एका बाजूला दोन तारा, समोर एक, वरून मायक्रोमीटर. ५५ अंशांना योग्य तार पिच गुणिले ०.५६३७, म्हणजे १.१९. पंपघरात कुठल्या तारा? मिस्त्रींनी १.२ चे तीन नवे ड्रिल काढले आणि त्यांचे दांडे वापरले. दांडे आधी मायक्रोमीटरने तपासले, कारण तारेत ०.०१ चुकलं की वरच्या मापात ०.०३ चुकतं.

सूत्र असं : वरचं माप = इफेक्टिव्ह व्यास + ३.१६५७ × तार − ०.९६०५ × पिच. (मेट्रिक ६० अंशांना ३ × तार आणि ०.८६६ × पिच घ्यायचं.) कोऱ्या आट्याला ४८.०४ यायला हवं होतं. आलं ४७.९३. म्हणजे इफेक्टिव्ह व्यास ४६.१६, झीज ०.११. पुस्तकी मापाचा नट केला असता तर तो एवढाच जास्त सैल बसला असता. अशा कामात पुस्तक बाजूला ठेवायचं आणि शाफ्ट म्हणेल ते ऐकायचं.

पण शाफ्ट राहिला पोलादपूरकडे आणि लेथ महाडात. नटाच्या आतल्या आट्याला तीन तारा लावता येत नाहीत. म्हणून आधी एक प्लग केला, शाफ्टच्या आट्यांची नक्कल. मऊ पोलादाचा तुकडा, त्यावर तोच आटा, तारांवरचं माप ४७.९८, म्हणजे शाफ्टपेक्षा ०.०५ मोठा. नट या प्लगवर हाताने डुगडुग न करता फिरला की शाफ्टवर त्याला आपोआप थोडी मोकळीक मिळणार. एका नटासाठी गेज करत बसायचं का, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण दुसरा उपाय म्हणजे नट घेऊन हायवेवरून दहा खेपा मारणं, आणि तेव्हा हायवेची काय अवस्था होती ते आठवा.

आता लेथ. आमच्या लेथचा लीड स्क्रू ६ मिलिमीटर पिचचा. कापायचा पिच भागिले लीड स्क्रूचा पिच, हे चालक आणि चालित गिअरच्या दातांचं गुणोत्तर. २५.४ भागिले ७२, म्हणजे १२७/३६०. १२७ ही मूळ संख्या, तिचे भाग पडत नाहीत, म्हणून इंच आणि मिलिमीटर यांच्यामधला पूल नेहमी १२७ दातांचा गिअर असतो. तो असेल तर चालक १२७ आणि ३०, चालित १२० आणि ९०, काम फत्ते. आमच्या सेटमध्ये १२७ नव्हता, ६३ होता. २५.४ च्या जागी १६००/६३ घेतलं तर २५.३९७ येतं. त्यावरून चालक ४० आणि ५०, चालित ६३ आणि ९०. चूक दहा हजारात सव्वा. २० मिलिमीटर लांबीच्या नटात ती अडीच मायक्रॉन होते. आपल्या त्या लेथच्या लीड स्क्रूची झीजच त्याहून जास्त असेल. ६/१७ असंही एक जवळचं गुणोत्तर आहे, पण त्यात त्याच लांबीला ९ मायक्रॉन चूक येते. चाललं असतं, पण चांगलं हाताशी असताना कशाला?

सीएनसीवर ही गिअरची कटकट नाही, पण तिथला सापळा वेगळा. पिच २.१२ असा गोल करून टाकला तर २० मिलिमीटरमध्ये ०.०३ ची चूक साचते. २.११६७ लिहायचं, आणि कंट्रोल आणखी दशांश घेत असेल तर तेही द्यायचे.

मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटा कापताना एक नियम मिस्त्रींनी खडूने हेडस्टॉकवरच लिहून ठेवला होता : हाफ नट उघडायचा नाही. चेझिंग डायल इथे उपयोगाची नाही. एकदा उघडलात की पुढचा पास आधीच्या खाचेत पडेल याची खात्री नाही. प्रत्येक पास झाला की टूल मागे घ्यायचं, स्पिंडल उलटा फिरवून कॅरेज परत आणायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही. पहिला पास नुसता ओरखडा. त्यावर स्केल ठेवून इंचात बारा रेघा मोजल्या, मग पुढे. प्लग कापताना कंपाउंड स्लाइड साडेसत्तावीस अंशांवर, म्हणजे टूल एकाच अंगाने कापतं आणि खरखर होत नाही. सरळ खोली १.३५५, पण तिरकं जायचं असल्याने डायलवर १.५३ भरतं. हा फरक विसरला की आटा उथळ राहतो.

नट डावा होता, आणि आतला डावा आटा कापताना एक गंमत आहे. स्पिंडल सरळ फिरत असताना कॅरेज हेडस्टॉककडून आपल्याकडे यावं लागतं, त्यासाठी टंबलर उलटा टाकायचा. म्हणजे टूल सुरू होतं ते भोकाच्या आतून. तेव्हा तिथे त्याला उभं राहायला जागा हवी. गनमेटलच्या तुकड्यात भोक नटाच्या लांबीपेक्षा पुढे नेलं, आत ४ मिलिमीटर रुंदीची खाच काढली, आटे कापले आणि मग नट तिथून कापून वेगळा केला. फायदा असा की टूल प्रत्येक वेळी बाहेर मोकळ्यात येतं, आत कुठे जाऊन आपटायची भीती नाही.

भोक किती ठेवायचं? पुस्तकात ४४.९१. आम्ही ४५.४ ठेवलं. म्हणजे आटा पूर्ण खोलीच्या ८२ टक्के. नटात शंभर टक्के आटा घेऊन ताकद फारशी वाढत नाही, टूलचा आणि माणसाचा जीव मात्र जातो. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याची शिखरं गोल असतात, ती गोल करायला चेझर लागतो. भोक थोडं मोठं ठेवलं की शिखरं सपाट राहिली तरी शाफ्टच्या तळाला घासत नाहीत. शेवटचे पास अगदी हलके, प्रत्येकानंतर प्लग लावून बघायचा. सातव्या-आठव्या वेळी प्लग तोंडाशी धरला, चौथ्या आट्यापर्यंत गेला, मग अजून दोन हलके पास, आणि मग तो शेवटपर्यंत गेला. हलवून बघितला, आवाज नाही.

नट गनमेटलचाच का, हा प्रश्न तेव्हा मी विचारला होता. स्टेनलेस जास्त टिकाऊ दिसतो. पण शाफ्टही स्टेनलेसच्या जातीचा असेल तर आवळताना दोन्ही एकमेकांना चिकटून बसू शकतात, मग पुन्हा छिन्नी. आणि पुढच्या वेळी काही बिघडलं तर नट खराब व्हावा, शाफ्ट नाही.

डावा का, तेही सांगतो, कारण ते बसवताना लागलं. पंपाच्या शाफ्टवरचे स्लीव्ह नट असे असतात की शाफ्ट फिरताना नट आवळत जावा. ज्या टोकाकडून बघितलं असता शाफ्ट घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्या टोकाचा नट डावा. फिरताना नट मागे रेंगाळतो, आणि डाव्या आट्याला मागे रेंगाळणं म्हणजे आवळणं. दुसऱ्या टोकाचा नट उजवा. आता मोटर नुकतीच रिवाइंड होऊन आलेली. तिच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल झाल्या असत्या तर पंप उलटा फिरला असता आणि दोन्ही नट सुटायला लागले असते. मिस्त्रींनी कपलिंग जोडूच दिलं नाही. आधी मोटर एकटी क्षणभर चालवून दिशा बघितली. उलटीच होती. दोन तारा बदलल्या, पुन्हा बघितलं, मग कपलिंगचे बोल्ट.

ड्रॉइंग करायची वेळ तुमच्यावर आली तर अशा नटावर ‘डावा’ हा शब्द वेगळा आणि मोठा लिहा. पिच मिलिमीटरमध्ये बदलून लिहू नका, ‘इंचाला १२’ असंच ठेवा, कारण वाचणारा २.११७ बघून २ समजतो. कोन ५५ हे लिहाच. आणि शाफ्टचं तारांवरचं माप, तारेच्या जाडीसकट.

मिस्त्रींनी नटाच्या तोंडावर पंचाने १ ७/८, १२, डावा असं मारून दिलं. प्लगला ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून ऑपरेटरदादांच्या हातात ठेवला, म्हणाले, "पुढचा नट कुणीही करू दे, हा घेऊन जा." संध्याकाळी वरच्या वाडीच्या टाकीत पाणी चढलं. एकूण दीड दिवस गेला, त्यात नटाचे आटे कापायला लागले ते जेमतेम दोन तास.